उणे बारा हजार मीटर उंचीचा तालुका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

(कमांड आणि फंक्शनची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावीत.)

प्रश्न : पाणलोटाच्या आराखड्यासाठी एसआरटीएमचा (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा) रास्टर, म्हणजे खणाखणांत आकडे भरलेला नकाशा, आमच्या तालुक्याच्या हद्दीवर कापला. पायथनमध्ये सरासरी काढली तर उणे १२,९०० मीटरच्या आसपास येते. किमान उंची उणे ३२,७६८. फाइल खराब आहे का? – एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : फाइल बहुतेक ठणठणीत आहे. रास्टर नेहमी चौकोनी, तालुका कधीच नाही. त्यामुळे हद्दीबाहेरच्या खणांत काहीतरी भरावेच लागते. एसआरटीएममध्ये 'इथे माहिती नाही' यासाठी उणे ३२,७६८ हा आकडा वापरतात, १६ बिटांच्या पूर्णांकात मावणारा सर्वांत लहान. चौकोनातले ४० टक्के खण असे असतील आणि उरलेल्यांची सरासरी ३४० मीटर असेल, तर एकूण सरासरी उणे १२,९०३ भरते. तुमचा आकडा इथूनच आलेला दिसतो.

सरासरीच्या आधी जीडीएएल या नकाशा-फाइली हाताळणाऱ्या साधनसंचातली 'जीडीएएलइन्फो' ही कमांड आणि पुढे फाइलचे नाव, एवढेच चालवा. ती फाइलचा फक्त मथळा (सुरुवातीची वर्णनाची नोंद) वाचते, म्हणून दोन जीबीची फाइलही क्षणात उलगडते. खणांची संख्या, कोऑर्डिनेट सिस्टीम, पिक्सेल साइज, टाइप आणि शेवटी 'नोडेटा व्हॅल्यू' ('माहिती नाही'चा आकडा) बघा. ही शेवटची ओळच नसेल, तर कापणाऱ्या प्रोग्रामने आकडा भरला पण त्याची नोंद केली नाही. 'जीडीएएल अंडरस्कोर एडिट'ला 'ए अंडरस्कोर नोडेटा' हा पर्याय आणि उणे ३२७६८ देऊन ती नोंद करा.

नोंद झाली तरी एक खड्डा उरतोच. रास्टेरिओ या पायथनच्या लायब्ररीत 'रीड' करताना बँड १ (फाइलमधला पहिला थर) सोबत 'मास्क्ड' ट्रू (माहिती नसलेले खण झाका) दिले नाही, तर साधा ॲरे (आकड्यांची सारणी) हातात येतो आणि उणे ३२,७६८ पुन्हा सरासरीत शिरतो. बहुतेक जण इथेच अडखळतात. मास्क्ड वाचा, मगच मिन, मॅक्स, मीन (किमान, कमाल, सरासरी) काढा.

एवढे करूनही 'जीडीएएलइन्फो'ला 'स्टॅट्स' पर्याय दिल्यावर जुनेच आकडे दिसले, तर फाइलशेजारी 'डॉट ऑक्स डॉट एक्सएमएल' अशा शेपटीची छोटी फाइल शोधा. पहिल्यांदा काढलेले आकडे तिथे साठतात आणि पुढच्या वेळी न मोजता तेच दाखवले जातात. ती पुसून पुन्हा मोजा. 'एमएम' पर्याय मात्र किमान-कमाल दर वेळी नव्याने मोजतो; दोन्हींचा मेळ बसत नसेल तर साठवण शिळी आहे हे समजावे.

नोडेटा म्हणून शून्य वापरायचा मोह टाळा. विदर्भात समुद्रसपाटीवर जमीन नाही, म्हणून उंचीला तो एक वेळ खपेल. पावसात शून्य म्हणजे कोरडा दिवस.

प्रश्न : हवामान खात्याची ०.२५ अंशांची दैनिक पावसाची जीआरडी फाइल उतरवली. जीडीएएलइन्फो ती ओळखतच नाही. तालुक्याची सरासरी कशी काढू? – एक वाचक, मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : या फाइलला मथळाच नसतो, नुसते आकडे एकापुढे एक. रचना ठाऊक असली की झाले: पूर्व-पश्चिम १३५ बिंदू (६६.५ ते १०० अंश), दक्षिण-उत्तर १२९ (६.५ ते ३८.५), प्रत्येक आकडा ४ बाइटांचा फ्लोट (दशांश आकडा). म्हणजे दिवसाला ६९,६६० बाइट. ३६५ दिवसांच्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटांची असली पाहिजे, लीप वर्षाची २,५४,९५,५६०. आकार जुळला नाही तर डाउनलोड अर्धवट आहे. पुढे जाऊच नका.

पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या 'फ्रॉमफाइल'ने फ्लोट३२ वाचून दिवस × १२९ × १३५ असा आकार द्या. उणे ९९९ (इथला 'माहिती नाही'चा आकडा) असलेल्या जागी 'नॅन' (आकडा नाही) भरा आणि तो वगळून सरासरी काढणारे 'नॅनमीन' वापरा. पहिली ओळ दक्षिणेची असल्याने नकाशा उलटा दिसतो, तो उभा पालटा. आणि ६६.५ हा खणाचा मध्य आहे, कड नव्हे, कड ६६.३७५ वर. ही चूक केली तर सगळा पाऊस सुमारे १३ किलोमीटर सरकतो, मोर्शीचा पाऊस शेजारच्याच्या नावावर.

मुळात एक खण ७०० चौरस किलोमीटरहून मोठा, तेव्हा तालुक्याला जेमतेम दोन-चार खण मिळतात. 'झोनल स्टॅट्स' (हद्दीतल्या खणांची आकडेवारी काढणारे फंक्शन) सहसा खणाचा मध्य हद्दीत आहे की नाही एवढेच बघते, त्यामुळे लहान हद्दीला उत्तर रिकामेही येते. इथे किमान-कमाल काढण्यात अर्थ नाही, आणि आकडा मंडळातल्या पर्जन्यमापकाशी जुळेल अशी अपेक्षाही नको.

प्रश्न : उंचीच्या रास्टरमधल्या खणांवरून हेक्टर कसे काढायचे? – एक वाचक, पुसद

उत्तर : पिक्सेल साइज ०.०००२७७ दिसते, म्हणजे ती अंशांत आहे. तिचा वर्ग करून काही हाती लागत नाही. आधी 'जीडीएएलवार्प'ने यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या कोऑर्डिनेट सिस्टीममध्ये न्या; मग पिक्सेल साइजचा वर्ग गुणिले खणांची संख्या, भागिले १०,००० म्हणजे हेक्टर. यूटीएमचे पट्टे म्हणजे झोन, आणि दोन झोनांची सीमा असलेले ७८ अंश रेखावृत्त यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते: पुसद, दिग्रस पश्चिमेला (झोनचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३), यवतमाळ, वणी पूर्वेला (३२६४४). अख्खा जिल्हा घ्यायचा तर एकच झोन धरून चला.

प्रश्न : सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून पऱ्हाटीचा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) काढला. कमाल १८ कशी येते? तो १ च्या वर जातच नाही ना? – एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : एनडीव्हीआय म्हणजे निअर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज. हे बँड (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याचे थर) चिन्हरहित १६ बिटांत असतात, त्यात उणे आकडा मावत नाही. तळ्यावर निअर इन्फ्रारेड १५०० आणि लाल २००० असेल, तर वजाबाकी उणे ५०० न येता ६५,०३६ येते. भागिले ३५०० केले की १८.६. आधी दोन्ही बँड फ्लोट३२ करा. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेतल्या दृश्यांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात, तेही फ्लोट केल्यावरच वजा करा. नाही केले तर निअर इन्फ्रारेड ४००० आणि लाल १५०० वरून ०.४५ येते, खरे उत्तर ०.७१.

दोन एकरांच्या वावरात १० मीटरचे साधारण ८१ खण बसतात, ९ × ९. त्यातले ३२ धुऱ्यावरचे, म्हणजे बाभूळ-निंबाची सावली आणि शेजाऱ्याची तूर त्यात मिसळलेली. हद्द आतून १० मीटर आत घ्या, 'ऑल टच्ड' (हद्दीला नुसते टेकलेले खणही धरणारा पर्याय) बंद ठेवा आणि मीनसोबत 'काउंट' (धरलेल्या खणांची संख्या) मागा. तो ४९ च्या आसपास आला पाहिजे; पाच-सहाच आला तर बाकीचे खण ढगांच्या मास्कमध्ये गेले असतील, त्या तारखेचा आकडा सोडून द्या.