खरं लिहिलं तर पंप वाढवतील?

दम्याच्या तपासणीला येणारी मोठी माणसं मला हमखास विचारतात, की दमा किती आटोक्यात आहे हे विचारणाऱ्या पाच प्रश्नांच्या कागदावरून श्वास कसा मोजणार? आणि त्यामागची खरी भीती अशी, की खरं लिहिलं तर औषध वाढणार.

वेंगुर्ल्याकडच्या एका मावशींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सुक्या मासळीचा धंदा, वय पन्नाशीच्या पुढे. कागद मुलाने भरून आणला होता, एकूण 25 पैकी 22. वीस किंवा अधिक म्हणजे दमा आटोक्यात. पण माझ्यासमोर बसून बोलताना मावशी दर वाक्याला थांबत होत्या.

"बरा आसा माका," त्या म्हणाल्या. मग हळूच, "खरा लिवला तर डॉक्टर पंप वाढयतले, मगे सवय लागतली."

मी पिशवीतला निळा, दम लागला की ओढायचा पंप मागितला. चतुर्थीला नवा घेतलेला, त्याला पंचवीस दिवस झालेले. मागच्या खिडकीत उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा होता 92. नवा असताना 200 असतो. म्हणजे दिवसाला साधारण चार फवारे, एका वेळी दोन धरले तर दिवसातून दोनदा. कागदावर मात्र 'आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी' यावर खूण.

मग आम्ही दोघींनीच कागद पुन्हा भरला. रात्री जाग येते का, यावर त्या ठाम नाही म्हणाल्या. "मी तीनाकच उठतंय." रोज? नाही, आठवड्यातून तीनदा, खोकल्याने. प्रश्नात 'रात्री किंवा नेहमीपेक्षा लवकर जाग' असं स्पष्ट आहे. आपल्याकडे पहाटे उठणं हा गुणच मानतात, त्यामुळे ही जाग आजारात कुणी धरत नाही. आणि दुसऱ्या खोलीत झोपणाऱ्या मुलाला ती कळणार तरी कशी? ही उत्तरं ज्याचा दमा त्यानेच द्यायची, वाचायला हवी तर मदत घ्यावी.

नवा आकडा आला 14. पंधरा किंवा कमी म्हणजे दमा अजिबात आटोक्यात नाही.

मावशींचा चेहरा उतरला. मी त्यांना सांगितलं, ही परीक्षा नाही, नापास कुणी होत नाही. निदानही या कागदावर होत नाही, त्यासाठी फुंकून करायची तपासणी आहे. कागद मागच्या चार आठवड्यांचा हिशेब मांडतो आणि तुमची तुलना तुमच्याशीच करतो. तीन गुणांचा फरक पडला की तो खरा बदल धरतात.

सवयीचं म्हणाल तर श्वासनळ्यांची सूज कमी करणाऱ्या रोजच्या पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि त्याचं व्यसन लागत नाही. मावशींनी तोच पंप मिरगापासून बंद ठेवला होता, कारण 'लगेच फरक पडत नाही'. ऐन पावसात, भिंतींना बुरशी धरलेली असताना! रोजच्या पंपाला आठवडे द्यावे लागतात. निळा लगेच मोकळं करतो, पण सूज तशीच राहते, आणि वर्षात असे तीन पंप संपणं हीसुद्धा धोक्याची खूण आहे. डॉक्टरांनी नवीन काही वाढवलं नाही. बंद केलेला पंप सुरू केला आणि ओढायची पद्धत सुधारली.

दोन महिन्यांनी मावशी कालनिर्णयचं पान घेऊन आल्या. जाग आलेल्या रात्रीवर फुली मारायला मी सांगितलं होतं. चार आठवड्यांत दोन फुल्या. एकूण 19.

"एक कमी रवलो," त्या म्हणाल्या, आणि कुठला ते त्यांनीच सांगितलं. बाजारातून घरी जाताना घाटी चढायची असते, आणि मध्यावर अजून टोपली खाली ठेवावी लागते.