वाचक विचारतात : रमा, रमाबाई, रमाई

जुन्या नावांच्या या सदरात या खेपेला 'रमा'. पत्रांमधून एकच गोंधळ वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला आहे, म्हणून आधी तोच घेतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या भिंतीवर थोर स्त्रियांची चित्रं आहेत. एका चित्राखाली 'पंडिता रमाबाई रानडे, शारदा सदन व सेवासदनच्या संस्थापिका' असं रंगवलंय. विद्यार्थी तेच वहीत उतरवून घेतात. हे बरोबर आहे का?

नाही. पुढच्या रंगकामाची वाट न पाहता आधी ही ओळ खोडा. दोन पूर्ण आयुष्यं एका ओळीत कोंबली गेली आहेत.

पंडिता रमाबाई जन्मानेच रमा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. संस्कृत त्या घरातच शिकल्या. १८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 'पंडिता' हे त्यांचं नाव नव्हे, ती मिळवलेली पदवी आहे. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, मुलगी मनोरमा आणि १८८२ मध्ये वैधव्य. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिका, आणि परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन. ते पुढे पुण्याला हललं, आणि त्यानंतरचं मोठं काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या त्याच. निधन ५ एप्रिल १९२२.

रमाबाई रानडे जन्माने यमुना कुर्लेकर. जन्म २५ जानेवारी १८६२, देवराष्ट्रे इथला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं आणि नाव रमा झालं. अक्षरओळख सासरी, तीही घरातल्या बायकांचा विरोध सोसून. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या महिला परिषदेच्या अध्यक्ष रमाबाई होत्या. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० चं. निधन १९२४.

घोळ होण्याचं कारण साधं आहे. दोघी एकाच काळात, एकाच पुण्यात, एकाच चळवळीत होत्या. पंडिता पुण्यात आल्या तेव्हा त्यांची पुराणं ऐकायला रानड्यांच्या घरची रमा जात असे, आणि त्या दिवसांचं वर्णन रमाबाई रानड्यांच्या पुस्तकात आहे. म्हणजे एका रमाबाईंनी दुसऱ्या रमाबाईंबद्दल लिहिलेलं पान आपण वाचतो. नुसतं 'रमाबाई म्हणाल्या' असं उतरवून घेतलं की पुढच्या माणसाचा गोंधळ ठरलेलाच.

कुठला उल्लेख कोणाचा हे ओळखायचं असेल तर गावं आणि संस्था पाहा. कलकत्ता, इंग्लंड, अमेरिका, केडगाव, शारदा सदन आलं की पंडिता. सेवासदन, देवराष्ट्रे, १९०४ ची परिषद आली की रानडे. नुसतं पुणे किंवा नुसता आर्य महिला समाज असेल तर घाई नको, तिथे दोघीही होत्या. छायाचित्राचा घोळ असेल तर पंडितांच्या बऱ्याच छायाचित्रांत केस आखूड कापलेले दिसतात. टपाल तिकिटंही वेगळी आहेत, रानड्यांचं १९६२ चं आणि पंडितांचं १९८९ चं.

भिंतीवर 'पंडिता रमाबाई (डोंगरे-मेधावी)' आणि 'रमाबाई रानडे (माहेरच्या यमुना कुर्लेकर)' असं लिहा. चित्र एकच असेल तर दुसरं रंगवून घ्या, जागा करा. आणि 'पंडित रमाबाई' नको, 'पंडिता'च.

प्रश्न : ग्रंथालयात पंडिता रमाबाईंची पुस्तकं 'र' खाली सापडत नाहीत. कुठे शोधावीत?

चार ठिकाणी: रमाबाई, सरस्वती, डोंगरे, मेधावी. प्रत्येक ग्रंथालयाने नोंद आपापल्या पद्धतीने केलेली असते. १८८७ च्या इंग्रजी पुस्तकावर नाव 'पंडिता रमाबाई सरस्वती' असं आहे, आणि तिथे 'पंडिता'च्या रोमन स्पेलिंगमध्ये 'पी' नंतर 'यू' आहे. संगणकावर शोधताना 'ए' घालून काही आलं नाही तर 'यू' घालून पाहा. मराठीत 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) आणि अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं प्रवासवृत्त (१८८९) ही दोन आधी मागा. प्रवासवृत्त तर जरूर वाचा. इतकं बारीक नजरेनं पाहिलेलं आणि इतकं ठाम लिहिलेलं मराठी गद्य त्या काळात फार नाही.

प्रश्न : 'रमेला सांगितलं' की 'रमाला सांगितलं'? मुलीच्या निबंधात बाईंनी 'रमाला'खाली लाल रेघ मारली.

रेघ मारायला नको होती. जुनी घडण 'रमेला, रमेने, रमेचा' अशीच आहे, जशी शाळा–शाळेला, सीता–सीतेने. देवता, नद्या, पुराणातल्या स्त्रिया यांच्या बाबतीत ती आजही पक्की आहे. 'गंगाला पूर आला' असं कोणी म्हणत नाही. पण शेजारच्या, वर्गातल्या, घरातल्या रमेबद्दल आज बहुतेक लोक 'रमाला, रमाने' म्हणतात, कारण नाव अखंड राहावं असं वाटतं. दोन्ही चालतं. एका निबंधात मात्र एकच ठेवा. 'रमाने डबा उघडला आणि रमेच्या लक्षात आलं' हे वाचताना ठेच लागते.

हाक मारताना जुनं रूप अजून जिवंत आहे: 'अगं रमे!' हे थेट संस्कृतातून आलं. आकारान्त स्त्रीलिंगी शब्द कसा चालवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या याच नावावर शिकवलं गेलं. 'रमा रमे रमाः, रमां रमे रमाः, रमया रमाभ्यां रमाभिः', आणि शेवटी 'हे रमे'. पाठांतर विसरलेल्या माणसालाही पहिली ओळ आठवते.

प्रश्न : रमा म्हणजे नक्की काय? रमेश, मनोरमा यांचा तिच्याशी संबंध आहे का?

रमा म्हणजे लक्ष्मी. अमरकोशात लक्ष्मीच्या नावांत 'क्षीरोदतनया रमा' असं येतं. मूळ धातू 'रम्', म्हणजे रमणं. 'राम'सुद्धा त्याच धातूचा. रमेश म्हणजे रमा + ईश, रमाकांत आणि रमानाथ उघडच आहेत. मनोरमा मात्र लक्ष्मी नव्हे. तो 'मनोरम' या विशेषणाचा स्त्रीलिंगी शब्द, मनाला रमवणारी. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या आदल्या दिवशी येणारी आश्विन वद्य एकादशी ती रमा एकादशी.

बंगालीत हेच नाव 'रोमा' असं उच्चारतात. अभिनेत्री सुचित्रा सेन यांचं मूळ नाव रमा दासगुप्ता. ओडिशात गांधीवादी कार्यकर्त्या रमादेवी चौधरी (१८९९–१९८५) यांच्या नावाने भुवनेश्वरला महिला विद्यापीठ आहे.

प्रश्न : माझ्या पणजीचं नाव सातबाऱ्यावर रमाबाई आहे, पण आजी सांगायची की माहेरी तिला वेगळ्याच नावाने हाक मारत. माहेरचं नाव कसं शोधू?

लग्नात नाव बदलायची रीत तुम्हाला ठाऊक असेल. ताटात तांदूळ पसरायचे आणि सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. तांदूळ सारखे केले की लिहिलेलं पुसलं जातं, आणि माहेरचं नाव तर त्याआधीच गेलेलं असतं. यमुना कुर्लेकरची रमाबाई रानडे झाली. यमुना जोशींची आनंदी झाली, त्याच डॉक्टर आनंदीबाई. गोदूबाईंचीही आनंदी झाली, त्या बाया कर्वे. या दोघी आणि पंडिता रमाबाई, या तिघींची नावं एका तारखेच्या आसपास गुंफली गेली आहेत, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. ११ मार्च १८८९ ला पंडितांचं शारदा सदन उघडलं. तिथेच शिकलेल्या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला तोही ११ मार्चलाच, १८९३ मध्ये.

आता शोध. सातबारा आणि फेरफार यांत सासरचंच नाव मिळेल, तिथे वेळ घालवू नका. तीन जागा पाहा. घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर पत्नीच्या नोंदीत माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव बहुधा दिलेलं असतं. स्वतःच्या घराण्याचा नसेल तर पणजीच्या माहेरचं आडनाव धरून त्यांचा शोधा. तिथे ती 'मुलगी' म्हणून मूळ नावाने सापडू शकते. दुसरी जागा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी. जाताना मूळ गाव, आडनाव आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव लिहून न्या. आडनावावरून उपाध्याय कोणते ते कळतं आणि गावावरून चोपडी निघते. गाव चुकलं तर हात हलवत परत यावं लागतं. तिसरी, जुन्या ट्रंकेतली लग्नपत्रिका किंवा याद्या.

नोंदींत 'रमा', 'रमाबाई', 'रमाबाई भ्रतार अमुक' असं सगळं एकाच बाईसाठी येतं. 'बाई' हा मान आहे, वेगळं नाव नाही. 'भ्रतार'पुढे नवऱ्याचं नाव असतं. 'कोम' असलं तरी तेच.

सातबाऱ्यावर 'रमाबाई'चं 'रामाबाई' झालं असेल आणि तो निव्वळ लेखनप्रमाद असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. जुना हस्तलिखित सातबारा किंवा मूळ फेरफाराची नक्कल जोडा, म्हणजे चूक नक्कल करताना झाली हे दिसतं. वारसांत वाद असेल तर हे कलम उपयोगी पडत नाही.

प्रश्न : थेऊरला 'रमा-माधव' म्हणतात त्या रमाबाई कोण?

थोरले माधवराव पेशवे यांच्या पत्नी. माधवराव क्षयाने १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, कार्तिक वद्य अष्टमीला, थेऊरला गेले. वय अवघं २७. रमाबाई तिथेच सती गेल्या. नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तिथवर चालत जावं. 'माधव'मध्येही लक्ष्मी आहेच: मा म्हणजे लक्ष्मी, धव म्हणजे पती.

प्रश्न : 'रमाई' हे वेगळं नाव आहे का? मुलीचं ठेवलं तर चालेल?

रमाई म्हणजे रमा + आई. हे लोकांनी रमाबाई आंबेडकरांना दिलेलं नाव. जन्म ७ फेब्रुवारी १८९८, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धोत्रे, आई रुक्मिणी. लहानपणी सगळे 'रामी' म्हणत. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर रात्री, भीमरावांशी लग्न झालं. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्या गेल्या. बाबासाहेब त्यांना 'रामू' म्हणत, आणि पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी त्याच नावाला, रामूच्या स्मृतीला, अर्पण केला आहे.

रामी, रमा, रामू, रमाबाई, रमाई. एकाच बाईची ही पाच नावं, आणि प्रत्येक वेगळ्या माणसांच्या तोंडी. मुलीचं नाव जरूर ठेवा. ते कोणावरून ठेवलं, हे मात्र तिला लहानपणापासून सांगा.

प्रश्न : मुलीचं नाव रमा ठरलंय. रोमनमध्ये कसं लिहावं? 'राम' वाचतील अशी भीती वाटते.

भीती खरी आहे. चार अक्षरांत (आर-ए-एम-ए) लिहिलं तर राम, रामा, रमा तिन्ही वाचता येतात. आमच्या मते शेवटी आणखी एक 'ए' जोडून पाच अक्षरी लिहावं. पण मग जन्मदाखल्यापासून पारपत्रापर्यंत तेच. एका जागी चार आणि दुसऱ्या जागी पाच झाली तर आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं करावी लागतील.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव नंतर घालता येतं: १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा स्पेलिंग ठरवायला दोन आठवडे जास्त घ्या, कारण एकदा चढलेलं नाव सहजी बदलून मिळत नाही.

खरी चूक होते ती उलट्या बाजूने. अर्ज भरणारा रोमन अक्षरं टाइप करतो, देवनागरी ओळ आपोआप भरते आणि तिथे 'रामा' उमटतं. जमा करण्याआधी पडद्यावरची मराठी ओळ स्वतः वाचा आणि हाताने दुरुस्त करायला लावा. मतदार यादीत असं होऊन गेलं असेल तर नमुना ८ भरा. त्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी पुन्हा लिहा, नाहीतर एक सुधारते आणि दुसरी तशीच राहते.