आमची मांजर सहा महिन्यांची आहे. नसबंदीचं ऑपरेशन आता उन्हाळ्यातच करावं, की एकदा व्यायल्यावर दिवाळीनंतर?

आत्ताच करा. "एकदा तरी व्यावू द्या" असं सांगणारा माणूस तुमच्या घरात असेलच, त्याचं ऐकू नका. आमच्या घरात होता. अजून आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरात सोयाबीन, तूर, कापूस, म्हणजे उंदीर आलेच, म्हणून भुरी आली. पहिल्या वर्षातच दोनदा व्याली. काही पिल्लं बोक्यानं मारली, काही वाटली, एक विहिरीत सापडलं. दुसऱ्या वर्षी संक्रांत झाली, दिवस मोठा होऊ लागला आणि बाईसाहेब पुन्हा रात्रभर आवारात लोळून बोंबलायला लागल्या. मांजरीचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो, आणि आपल्याकडे उजेडाला कमी नाही. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत तेच. भेटला तर मात्र चुकायची शक्यता फार कमी, कारण मांजरीचं बीज बोक्याशी संबंध आल्यावरच सुटतं. चार पिल्लांचे चार बाप असू शकतात. आमच्याकडे रंग बघून ते कळतच होतं.

तालुक्याच्या एका दवाखान्यात विचारलं तर तिथले गृहस्थ हसले. "गाय-म्हैस असंल तर आणा, मांजरीचं कोण करते इथं?" मग नागपूरच्या एका डॉक्टरांची मार्चमधली तारीख घेतली.

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, हे मान्य नव्हतं. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते, हे त्यांनी मला त्या आठवड्यात पाच वेळा ऐकवलं. मी म्हटलं, मामाजी, मारत कुठे आहोत? आणि मागच्याच महिन्यात तुम्ही उभं राहून गोऱ्हा ठेचून, म्हणजे खच्ची करून घेतला, त्याचं पाप कोणाच्या खात्यात? तर म्हणे, "त्याले वखर ओढाचा हाय. हिले कायले?" याला उत्तर नाही, कारण हा युक्तिवादच नाही.

डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, रात्री दहानंतर खायला काही नको. मी भुरीला खोलीत कोंडलं, टोपलीवर टोपली बांधून ठेवली, पहाटे निघायची तयारी. साडेतीन तास ती टोपली मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं आणि विचारलं, "हिनं काय खाल्लंय?" मी शपथेवर सांगितलं, काही नाही. तेवढ्यात भुरी ओकली. दुधात कुस्करलेली भाकर.

पोटात अन्न असताना भूल दिली की उलटी श्वासनळीत जाऊ शकते आणि जनावर टेबलावरच जाऊ शकतं. डॉक्टरांनी हात जोडले, तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. घरी आल्यावर मामाजी ओसरीत बसलेलेच होते. "इतकुसं तं दूध देल्लं. भुकं जनावर इतक्या लांब न्याचं का बाई?" त्यांनी ते प्रेमानंच केलं, हे मला कळतं. म्हणूनच राग जास्त आला.

पुढच्याच आठवड्यात भुरी खिडकीतून पळाली आणि दोन दिवसांनी आली. ठरलेल्या तारखेला मी तिला नेलंच नाही. ती त्या दोन दिवसांत गाभण राहिली असणार म्हणून मीच हाय खाल्ली होती. ते माझं चुकलं, तेव्हा न्यायला हवं होतं. मांजर दोन महिन्यांत, ६३ ते ६५ दिवसांत, व्यायते. भुरी २४ मेला व्याली. दुसऱ्या दिवसापासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस.

आधी कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या भुशाच्या खोलीत होती. बोका दिसला तशी तिनं पिल्लं उचलून माळ्यावर नेली, थेट टिनाखाली. मला कळलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शिडी लावून हात घातला तर माळ्याची फळी तव्यासारखी. तीन पिल्लं मऊ कापडासारखी लोळली, तोंडं उघडी, जिभा बाहेर. भुरी त्यातल्याच एकाला चाटत होती. चाटून चाटून ते ओलंचिंब केलं होतं तिनं. चौथं हललं. त्याला न्हाणीघरात रांजणाच्या आडोशाला पोत्यावर ठेवलं, ते वाचलं.

भुरीचं ऑपरेशन शेवटी जुलैच्या अखेरीस झालं. पिल्लू पित होतं तोवर तिला कोंडूनच ठेवलं, कारण पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. पावसाळ्यातला त्रास वेगळा, माश्या. जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून दहा दिवस जाळीच्या खोलीत, आणि चाटू नये म्हणून जुन्या बनियनची बाही अंगात चढवली. सोयीचं म्हणाल तर दिवाळी ते संक्रांत उत्तम. पण तुमची सहा महिन्यांची आहे, दिवाळीपर्यंत ती दोनदा व्यायलेली असेल. पहिल्या माजाच्या आधी केलं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. व्यायल्यानं तब्येत सुधारते वगैरे सगळं ओसरीवरचं शास्त्र. उंदीर मारणं बंद होतं हेही खोटं. भुरी अजून मारते आणि माझ्याच चपलेत आणून ठेवते.

बाकी उन्हाळ्यात सावलीत दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली तर ओलं फडकं फिरवून दवाखाना गाठा, बर्फाचं पाणी ओतू नका. फवारणीच्या दिवसांत शेतात सोडू नका. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, आणि मांजर तर पायाला लागलेलं सगळं चाटते. विष खाल्लेला उंदीरही नको. कुत्र्याच्या गोचिडाचं औषध तिला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर जीव जातो. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच नाही.

मी डॉक्टर नाही. मांजर अशक्त असेल किंवा आधीच गाभण असेल तर निर्णय त्यांचा, आणि किती तास उपाशी ठेवायचं तेही त्यांनाच विचारा, लहान पिल्लांना इतका वेळ चालत नाही. जवळ कोणी करत नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. रेबीजची लस विसरू नका.

वाचलेलं पिल्लू बोका निघालं. आता दहा महिन्यांचा आहे, मामाजींच्या बाजेवर झोपतो. परवा त्यानं त्यांच्या धुतलेल्या धोतरावर पिचकारी मारली, तरी त्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. येत्या गुरुवारची तारीख मी घेतली आहे. लगेच गुण येत नाही म्हणे, काही आठवडे तो मांजरींना गाभण करू शकतो, तेवढं कोंडावं लागेल. आमच्या जुन्या फ्रिजच्या दाराला किल्ली आहे, आजवर कधी लावली नव्हती. बुधवारी रात्री दूध आत ठेवून लावणार आहे.