अमेरिकेत लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या इतक्या कमी का? लोकांना रेल्वे नकोच आहे का?

"लोकांनाच नकोय" हे माझा ह्यूस्टनचा मेहुणा मला कित्येक वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहायला बसलो.

लोकांना नाही, रेल्वे कंपन्यांना नको होती. पॅसेंजर गाड्या खाजगी कंपन्याच चालवायच्या आणि बराच खर्च टपालाच्या डब्यांवर निघायचा. १९५६ नंतर सरकारने इंटरस्टेट हायवेवर पैसा ओतला, विमानं आली, १९६७ ला टपाल खात्याने बहुतेक गाड्यांवरचे डबे काढून घेतले आणि गणित कोलमडलं. १९७० मध्ये पेन सेंट्रलसारखी अवाढव्य कंपनी बुडाली, मग १ मे १९७१ ला ॲमट्रॅक ही सरकारी पाठबळाची प्रवासी रेल्वे कंपनी सुरू झाली. त्याच दिवशी जवळपास निम्म्या गाड्या बंद. उरलेल्या ॲमट्रॅकच्या गळ्यात मारल्या, रूळ मात्र कंपन्यांनी स्वतःकडेच ठेवले.

रूळ दुसऱ्याचे असले की काय होतं ते अप्पांनी एका नजरेत ओळखलं. अप्पा म्हणजे माझे वडील, भुसावळला गार्ड होते. आमच्याकडे आले तेव्हा शिकागोहून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीत मी त्यांना हट्टाने नेलं, मेहुणा म्हणत होता विमानाने न्या, या वयात कशाला हाल. दुसऱ्या दिवशी माळरानात गाडी लूपला, म्हणजे दुसरी गाडी जाऊ द्यायच्या बाजूच्या रुळावर, घेतली आणि उभीच. बऱ्याच वेळाने समोरून मालगाडी आली, कंटेनरवर कंटेनर, पुढे इंजिनं, मध्ये परत इंजिन, संपता संपेना. अप्पा म्हणाले, "अरे, ही या लूपमध्ये मावायचीच नाही, म्हणून आपल्याला आत घातलंय." आणि शेवटी गार्डचा डबाच नाही, नुसती लाल दिव्याची पेटी, हे तर त्यांना अजिबात पटलं नाही, पुढच्या स्टेशनवर त्यांनी कंडक्टरला गाठून मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये त्यावर चांगली चर्चा केली, आणि त्या माणसानेही सगळं नीट समजावून सांगितलं.

पॅसेंजरला मालगाडीच्या आधी लाइन द्यायची असा कायदा १९७३ पासून आहे. पण मालगाड्या झाल्या दोन-दोन मैलांच्या, लूप राहिले जुन्याच लांबीचे, आणि कंट्रोल मालगाडीवाल्याच्याच हातात. कायदा मोडला तर कोर्टात जायचा अधिकार फक्त केंद्राच्या न्याय खात्याला, त्यांनी १९७९ नंतर पुढची केस केली थेट २०२४ ला!

आता वॉशिंग्टन-न्यूयॉर्क-बोस्टन बघा. तिथे बहुतेक रूळ ॲमट्रॅकचे स्वतःचे, दिवसभर गाड्या, आणि न्यूयॉर्क-वॉशिंग्टन प्रवासात सगळ्या विमान कंपन्यांपेक्षा ॲमट्रॅकने जाणारी माणसं जास्त. ही अमेरिकन माणसंच आहेत ना? ह्यूस्टनला गाडी आठवड्यातून तीनदा. तीन दिवस दुकान उघडायचं आणि गिऱ्हाईक नाही म्हणायचं, असं कसं चालेल?

अंतरं प्रचंड आहेत हे खरं, शिकागोहून कॅलिफोर्नियाला दोन रात्री जातात, ज्याला घाई आहे त्याने विमानच घ्यावं. तुम्ही ट्रेनने जाणार असाल तर पोचायच्या दिवशी पुढचं काहीच बुक करू नका, मधे रात्रभराचं अंतर ठेवा. पण ह्यूस्टन-डॅलस अडीचशे मैलांच्या आत आहे, दोन्ही शहरं केवढी मोठी, आणि मधे ॲमट्रॅकची एक थेट गाडी नाही. तिथे रोजच्या चार गाड्या वेळेवर चालवा, आणि मग मेहुण्याने मला सांगावं की कोणी बसत नाही.