ट्रेलरचं इंजिन करून घ्यावं की बदलावं? आधी ब्लॉक आणि क्रँक मोजून घ्या

तुमची अडचण मला समजली ती अशी: २०१६ चा हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन, कोल्हापूर-मुंबई लाइनला साखर आणि कास्टिंगचा माल. गाडी ऑइल खातेय, खंबाटकी घाट चढताना निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सोडणाऱ्या नळीतून) बॅक मारतंय, म्हणजे जोराने वायू बाहेर फेकतंय, आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर उतरतंय. एक फिटर म्हणतो फुल इंजिन करून घ्या, म्हणजे आहे तेच खोलून पूर्ण दुरुस्त करा. दुसरा म्हणतो त्यात पैसे घालू नका, रीकॉन (दुरुस्त करून विकलेलं दुसरं इंजिन) बसवा.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते ब्लॉकमधलं भोक) आणि क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगचं काम करतो. म्हणजे तुम्ही इंजिन करून घेतलंत तर आमच्यासारख्यांना काम मिळतं, हे ध्यानात ठेवून वाचा. माझ्या मते दोघांनीही घाई केली आहे. इंजिन न उघडता दिलेला सल्ला अंदाजाचा असतो. करायचं की बदलायचं हे ब्लॉक आणि क्रँकच्या मापांवर ठरतं.

उघडण्याआधी मात्र बाहेरची तपासणी करून घ्या, कारण ऑइल खाणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा बोअर झिजलेला असतोच असं नाही. एअर टाकीचा ड्रेन कॉक सोडून बघा, पाण्याबरोबर ऑइल पडत असेल तर एअर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागाचा) होज काढून बघा, आत ऑइल साचलं असेल तर टर्बोचा संशय घ्या. प्रेशरसाठी डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, मेकॅनिकल गेज लावून इंजिन पूर्ण तापल्यावर बघा. तुमच्याकडे बॅक मारणं आणि प्रेशर उतरणं दोन्ही एकदम आहे, त्यामुळे उघडावं लागेल असंच मला वाटतं.

या इंजिनाला लाइनर (वेगळी बसवलेली नळी) नसतो, बोअर थेट ब्लॉकमध्ये असतो. मूळ माप १०२ मिलिमीटर. झिजल्यावर आधी ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे बोअर तेवढा मोठा करायचा, मग १.००. त्यानंतर आतून स्लीव्ह (नळी) घालावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हा की तुमचा ब्लॉक अजून स्टँडर्डला आहे की आधीच्या मालकाने एकदा बोअर करून घेतलाय? बहुतेक पिस्टनच्या डोक्यावर साइजचा शिक्का असतो, तो बघा.

हेड निघालं की मी आधी बोअरच्या वरच्या भागात नख फिरवतो. टॉप रिंग जिथून परत फिरते तिथे कडा नखाला अडकली की झीज किती खोल आहे याचा अंदाज येतो. खालच्या भागात होनिंगच्या (बोअर शेवटी घासून घेतानाच्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतात आणि वर मात्र आरशासारखं गुळगुळीत झालेलं असतं. मग बोअर गेज घेऊन वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेत आणि तिला आडवं, अशी सहाही सिलिंडरची मापं घ्यायची. वरच्या-खालच्या मापातला फरक म्हणजे टेपर, क्रँकच्या दिशेतल्या आणि तिला आडव्या मापातला म्हणजे ओव्हॅलिटी. सगळी सिलिंडर सारखी झिजली असतील तर इंजिनाचं वय झालंय किंवा फिल्टरच्या पुढच्या होजमधून धूळ आत जातेय. एकच सिलिंडर ओरखडलं असेल तर त्याच्या डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये किंवा पिस्टनखालच्या कूलिंग जेटमध्ये दोष शोधा.

क्रँकच्या बाबतीत मी कडक आहे. ग्राइंडिंग ०.२५ पासून १.०० पर्यंत होतं आणि तशा साइजची बेअरिंग मिळतात, पण जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) निळा पडला असेल तर तो नुसता घासून बसवू नका. ऑइल तुटून तो तापलेला असतो, कडकपणा गेलेला असतो. मॅग्नेटिक टेस्टने तडा नाही ना हे आधी तपासायचं. ग्राइंड करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवायची. ती गेली की क्रँक तिथूनच तुटते, तीही भरल्या गाडीत, चढाला. ब्लॉकची वरची सपाटी आणि मेन बेअरिंगची सरळ रेषाही तपासून घ्या, विशेषतः इंजिन कधी सीझ (जाम) झालं असेल तर.

आता निर्णय. ब्लॉकला तडा नाही, बोअर ०.५० मध्ये साफ होतोय, क्रँक एका साइजमध्ये बसतेय, तर मी बिनधास्त करून घेईन. तुमच्या इंजिनाचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, रीकॉनचा नसतो. ब्लॉक १.०० ला पोचलेला, क्रँक निळी आणि हेडलाही तडा, असं एकत्र आलं तर इंजिन बदला. मधल्या परिस्थितीत माझा ठोकताळा असा: डिझेल पंप, नोझल, टर्बोसकट पूर्ण कामाचा अंदाज वॉरंटीवाल्या रीकॉनच्या साठ टक्क्यांपुढे गेला की बदलणं परवडतं. त्यात गाडी उभी राहण्याचे दिवसही धरा, कारण हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार थांबत नाही. ऐन गळीत हंगामात असाल तर हा आकडा सगळं गणित फिरवू शकतो.

क्रँक तशीच ठेवून नुसतं रिंग-पिस्टनचं हाफ इंजिन तुमच्या गाडीला करू नका. प्रेशर आधीच उतरतंय, खालची बेअरिंग झिजलेली असणार. वरचं कॉम्प्रेशन घट्ट झालं की त्याच बेअरिंगवर जोर येतो आणि ठोका सुरू होतो.

स्क्रॅपमधून निघालेलं जुनं इंजिन स्वस्त मिळतं, पण पक्कं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद नसतील तर हात लावू नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतात. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बदल आरटीओला कळवून आरसी बुकावर नोंद करून घ्यावी लागते. आधी परवानगी घेतलेली नसेल तर त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी नंबर जुळत नाही. तुमची गाडी आठ वर्षांपुढची आहे, फिटनेस दरवर्षी लागतो, तिथेही नंबर बघतात.

यातलं काहीही केलंत तरी रेडिएटर साफ करून घ्या आणि बोअरवेलचं पाणी बंद करून कूलंट भरा. इंजिन करून घेतलं तर पहिल्या फेऱ्यांना अर्धा लोड द्या, तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, रिंगा बसायला थोडा लोड लागतोच. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला. काढलेला फिल्टर कापून आत चमकणारा धातू आहे का बघा.

हेड निघालं की सहाही बोअरची वरची-खालची मापं, क्रँकच्या जर्नलची मापं आणि पिस्टनवरची साइज इथेच खाली टाका. ती बघून मी नक्की काय करावं ते सांगतो.