बांबूची मोजणी किती बारकाईने करावी?

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्कात सुमारे ४०० हेक्टर जंगल मिळाले आहे. बांबूतोडीचा आराखडा करायचा आहे. प्रत्येक बेट मोजावे लागेल, की नमुना प्लॉट (मोजणीसाठी ठिकठिकाणी आखलेले छोटे तुकडे) पुरतील?
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : नमुना प्लॉट पुरतात. पण सगळ्या जंगलाची मिळून एकच सरासरी काढू नका, आराखडे तिथेच फसतात. समजा, नाल्याकाठच्या १०० हेक्टरांत हेक्टरी ९० बेटे आहेत आणि उतारावरच्या ३०० हेक्टरांत हेक्टरी फक्त १०. सरासरी येते ३०. तीन वर्षांच्या फेऱ्यात दरवर्षी सुमारे १३३ हेक्टरांचे कूप (त्या वर्षी तोडायचा जंगलाचा भाग) धरले, की कागदावर ४,००० बेटे दिसतात. ते कूप उतारावर आले तर हाती लागतील जेमतेम १,३३०. सौदा आधीच ठरलेला असतो, मग भरती कोवळ्या बांबूंनी होते आणि पुढची तोडही बुडते.

म्हणून आधी जाणत्या माणसांबरोबर फिरून जंगलाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागात वेगळे प्लॉट टाका. ०.१ हेक्टरचा गोल प्लॉट म्हणजे १७.८४ मीटर त्रिज्या. टेप आडवी, समपातळीत धरा. ३० अंशांच्या चढावर जमिनीलगत मोजलेले २० मीटर प्रत्यक्षात १७.३ मीटरच भरतात. प्लॉट लहान होतो, बेटे कमी दिसतात.

बेटांची नुसती संख्या घेऊन भागत नाही. प्रत्येक बेटात यंदाचे, दुसऱ्या वर्षाचे आणि त्याहून जुने बांबू वेगवेगळे मोजा. यंदाच्या बांबूवर खोळ (पेरांभोवतीचे आवरण) असते, त्यावरून तो ओळखू येतो. तोडायचे ते जुनेच, त्यामुळे उत्पन्नाचा हिशेबही त्यांच्यावरच बसवा.

प्लॉट किती? प्लॉटाप्लॉटांच्या आकड्यांतला फरक (प्रमाण विचलन) सरासरीच्या ६० टक्के असेल, तर २० टक्क्यांच्या आत चूक ठेवायला साधारण ३६ प्लॉट लागतात, १० टक्क्यांसाठी १४४. चूक निम्मी करायची तर मेहनत चौपट! तेवढी मेहनत नाल्याकाठच्या भागात करा. उतारावर ढोबळ अंदाज चालेल.

प्रश्न : सोबत सगळ्या झाडांचा घेरही घ्यावा का?

उत्तर : झाडे तोडायची नसतील तर नको. मोहाची मात्र फुलणारी झाडे आणि रोपे अवश्य मोजा. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यात रोपे मरतात. मोठी झाडे भरपूर आणि रोपे शून्य, असे आकडे आले तर आराखड्यात पहिले काम जाळ बंद करण्याचे लिहा.