मार्चमध्ये व्हर्सायला फुलंच नसतात, मग जावं का?

तुमचा प्रश्न: मार्चच्या मध्यात पॅरिसमध्ये एक दिवस मोकळा आहे, सोबत आईवडील आहेत, फुलं नाहीत, कारंजी बंद, तरी व्हर्सायच्या राजमहालाची बाग बघावी का?

बघावी. ‘फुलं नाहीत तर बाग कसली’ म्हणणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. आंद्रे ल नोत्र या उद्यानरचनाकाराने १६६१ पासून ही बाग आखली ती ताटव्यांच्या जिवावर नव्हे. महालामागच्या चौथऱ्यावर उभं राहा. खाली लातोनाचा हौद, मग ३३५ मीटर लांब नि ४० मीटर रुंद हिरवळ, मग अपोलोचा हौद आणि पलीकडे १,६७० मीटरचा कालवा. कालवा अगदी जवळ वाटतो. चालायला लागलात की तो मागे मागे सरकतो, कारण लांबच्या गोष्टी मुद्दाम मोठ्या ठेवल्यात. रांगेतली झाडं निष्पर्ण असताना ही फसवणूक सर्वांत स्वच्छ दिसते.

कारंज्यांचं दुःख तर करूच नका. तिथे पाण्याची ओढाताण पहिल्यापासूनची. खुद्द राजा चौदाव्या लुईसाठीही सगळी कारंजी एकदम उडत नसत. तो जिकडे जाईल तिकडची, शिट्टीच्या इशाऱ्यावर, सुरू करत. आता ती साधारण एप्रिल ते ऑक्टोबर ठरावीक दिवशीच चालतात.

जायचं ते सकाळी आठला, बाग उघडताच. मुख्य अक्ष, म्हणजे महालापासून कालव्यापर्यंतची सरळ रेषा, पश्चिमेकडे जातो, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी राहतं; दुपारनंतर चौथऱ्यावर ते थेट डोळ्यांत येतं. सोमवारी महाल बंद, बाग उघडी. नुसती बागच बघायची असेल तर तोच वार धरा. काही मूर्ती झाकलेल्या दिसल्या तर चिडू नका: संगमरवरात मुरलेलं पाणी गोठून फुगलं की दगड तडकतो. संत्र्याची झाडंही लाकडी पेट्यांसकट मेच्या मध्यापर्यंत आतच असतात. ऑरेंजरीची, म्हणजे या झाडांच्या हिवाळी घरासमोरच्या बागेची, नुसती नक्षी वरच्या कठड्यावरून बघा, खाली उतरायची गरज नाही.

एक मात्र कबूल. झाडीआडच्या बंदिस्त बागा, म्हणजे बोस्के, तेव्हा बहुतेक बंद असतात. मार्चमधलं खरं नुकसान ते, फुलांचं नव्हे.

आणि आईवडील: कालव्यापर्यंत जेमतेम एक किलोमीटर, पण जाताना उतार आहे म्हणजे येताना चढ. वाट खडीची, पावसानंतर चिखलाची, वर उघड्यावरचा वारा. गुडघे कुरकुरत असतील तर लातोनापाशी थांबवा, पुढे तुम्ही एकटे जा.